म्हातारं माणूस घरीच शेवटचा श्वास घेणार असेल तर: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

आमच्या घरात आठ वर्षांत दोन मरणं झाली. सासऱ्यांच्या वेळी रात्री दोनला त्यांचा श्वास घरघरू लागला, आम्ही घाबरून १०८ ला फोन केला. "मला आता कुठे नेऊ नका" असं तीन महिने सांगणाऱ्या माणसाला स्ट्रेचरवर बांधून आम्ही तीन जिने खाली उतरवलं. कॅज्युअल्टीत "नळी घालू का?" असं विचारलं, तर आम्ही पाचजण एकमेकांची तोंडं बघत राहिलो. पहाटे ते पडद्याआड गेले. तेव्हा मी पैसे भरायच्या रांगेत होते.

आत्याच्या वेळी घर तेच होतं आणि माणसंही तीच. ती माझ्या वडिलांची बहीण, एकटी, शेवटची दोन वर्षं आमच्याकडेच होती. छातीच्या गाठीचा कॅन्सर, वय ८१. ती पुढच्या खोलीत, स्वतःच्या गोधडीवर गेली. फरक पडला तो एवढ्यानेच, की या वेळी सगळं आधी ठरलेलं होतं आणि कोणाच्या आधी कोणाला फोन करायचा हे भिंतीवर लिहिलेलं होतं.

त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फोन आले. प्रत्येकाची चूक साधारण तीच, म्हणून क्रमाने लिहिते आहे. डॉक्टरांनी "आता बरं करण्याचे उपचार नाहीत, त्रास कमी करू" असं स्पष्ट सांगितलेल्या माणसासाठीच हे आहे. औषधांची नावं माहितीसाठी आहेत. डोस डॉक्टरच ठरवतील.

१. आधी घरात बोला

लोक सगळ्यात आधी कॉट आणि हवेची गादी आणतात. ती दोन तासांत मिळते. घरातलं एकमत व्हायला आठवडे जातात, म्हणून सुरुवात तिथून करा.

आजारी माणूस शुद्धीवर असेल तर पहिला प्रश्न त्यालाच विचारा. "तिला काही सांगू नका, खचेल" हे आपल्याकडचं लाडकं वाक्य आहे. आत्याला आम्ही सहा आठवडे काही सांगितलं नाही. एक दिवस तिनेच विचारलं, "माझ्या पाटल्या कुणाला द्यायच्या ते तुम्ही ठरवताय की मी ठरवू?" तिला सगळं कळलेलं होतं. नाटक फक्त आम्हीच करत होतो, आणि त्यापायी तिला तिच्या मनातलं बोलता येत नव्हतं.

तीन गोष्टींचं उत्तर घ्या: पुन्हा दवाखान्यात न्यायचं का, श्वासाची नळी आणि आयसीयू हवं का, आणि खाणं बंद झालं तर नाकातून नळी घालायची का. उत्तर "हो" असलं तरी चालेल. ते माहीत असलं म्हणजे झालं. मग घरातल्या एकाच माणसाला शेवटचा शब्द द्या. तो सगळ्यांत मोठा मुलगा असलाच पाहिजे असं नाही. पहाटे तीनला डोकं ठिकाणावर राहील असं माणूस निवडा.

सावध: लांबच्या नातेवाइकाला या बोलण्यात आधीच घ्या. परगावचा किंवा परदेशातला मुलगा-पुतण्या शेवटच्या आठवड्यात येतो, दोन वर्षांचा बदल एकदम बघतो आणि म्हणतो, "तुम्ही काहीच करत नाही आहात?" त्याचा रागही खरा असतो आणि अपराधीपणही. पण ठरलेलं सगळं एका संध्याकाळीत मोडतं. डॉक्टरांची व्हिजिट असेल तेव्हा त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या. जे ऐकायचं ते त्याला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या.

उपचार कुठे थांबवायचे याचं लेखी इच्छापत्र (लिव्हिंग विल) करायचं असेल तर आता ते पूर्वीइतकं किचकट राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यायची. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे ठेवा. घरी राहायचं ठरलं असलं तरी हा कागद असावा. ऐनवेळी दवाखान्यात जावं लागलं, तर तिथे तुमच्या बाजूने बोलायला एवढंच असतं.

२. टीम शोधा, आणि लवकर शोधा

टीम म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारे डॉक्टर-सिस्टर. वेदनाशामक सेवा, परिहारक सेवा, पॅलिएटिव्ह केअर, काहीही म्हणा. लोक त्यांना शेवटच्या चार दिवसांत फोन करतात. तोवर पाठीला व्रण झालेला असतो, पोट आठवडाभर साफ नसतं, आणि सिस्टर पहिल्यांदा घरात येते तेव्हा पेशंट बोलत नाही. "हॉस्पिसला (शेवटच्या आजारात सांभाळणाऱ्या संस्थेला) फोन केला म्हणजे हात टेकले" हा समज यामागे आहे. आम्ही आत्यासाठी साधारण चार महिने आधी फोन केला. त्यातले अडीच महिने ती चालती-फिरती होती आणि सिस्टरशी भांडतही होती.

कुठे चौकशी करायची हे आजारावर ठरतं. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन (१९८६ पासूनचं, देशातलं पहिलं हॉस्पिस) आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर ही नावं लोकांना माहीत असतात. पण ही ठिकाणं मुख्यतः कॅन्सरच्या पेशंटसाठी आहेत. स्मृतिभ्रंश, हृदय निकामी होणं, पार्किन्सन्स असं काही असेल तर घरी येणाऱ्या टीमची चौकशी करा. मोठ्या रुग्णालयांचे आणि काही जिल्हा रुग्णालयांचे पॅलिएटिव्ह विभाग असतात, धर्मादाय संस्थांच्याही टीम असतात.

पहिल्या भेटीला बऱ्याच ठिकाणी पेशंटला न्यावंच लागतं असं नाही. आधी फोनवर विचारा. बरोबर न्यायचं ते हे: शेवटचं डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट असेल तर तो, शेवटचा स्कॅन, आणि चालू औषधांची यादी. यादी नुसती लिहून नेऊ नका, गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. आत्याच्या पिशवीत एकच रक्तदाबाची गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी निघाली आणि ती दोन्ही रोज घेत होती.

त्यांना हे विचाराच:
- रात्री फोन उचलला जातो का? कोण उचलतं?
- मॉर्फीन (जोराच्या दुखण्यावरचं औषध) तुमच्याकडे मिळतं का?
- घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार? रात्री येणार का?

तिसरा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत. पुढे अडतं ते नेमकं तिथेच.

३. खोली आणि सामान

यावर फार लिहीत नाही, सिस्टर येऊन सांगते. आपण करून बसतो अशा चुका तेवढ्या सांगते.

कॉट भिंतीला चिकटवू नका. दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. हवेची गादी आणली म्हणजे कूस बदलायला नको, असं नाही. दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, रात्रीसुद्धा. अंगाखाली एक आडवी चादर घाला, खांद्यापासून मांड्यांपर्यंत पोचेल अशी. दोघांनी दोन बाजूंनी ती धरून माणूस वर सरकवायचा. बगलेत हात घालून ओढलं की कातडी सोलते आणि तुमचीही कंबर धरते.

अंगठ्या, बांगड्या, पाटल्या आताच काढून ठेवा. पुढे हात सुजतात. नंतर अंगठी कापून काढावी लागली, तर घरातल्या बायकांना ते फार लागतं.

सावध: ऑक्सिजन चालू असेल त्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती काहीही लावायचं नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर देव दुसऱ्या खोलीत हलवा. ओठांना तूप किंवा व्हॅसलीनही लावू नका, पाण्याने ओले करा. आणि ऑक्सिजनने धाप कमी होतेच असं नाही. रक्तातला ऑक्सिजन नीट असूनही धाप लागत असेल, तर तोंडावर येणारा छोटा टेबलफॅन आणि उघडी खिडकी जास्त कामाची असते. आत्या कॉन्सन्ट्रेटरला, म्हणजे ऑक्सिजनच्या मशीनला, "ते घरघरं" म्हणायची आणि पंख्याकडे बोट दाखवायची.

४. औषधं आणि वही

शंभर पानी वही घ्या. रकाने पाडा: वेळ, औषध, किती दिलं, दुखणं दहापैकी किती, शी झाली का, लघवी, कोणी दिलं. औषध कोणीही दिलं तरी नोंद झालीच पाहिजे. व्हॉट्सॅप ग्रुपवर नको. रात्रपाळीच्या मावशी ग्रुपमध्ये नसतात आणि डॉक्टरांना स्क्रोल करायला वेळ नसतो. आमची वही कॉटच्या दांडीला सुतळीने बांधलेली होती, पेनसकट.

आता मॉर्फीन. या नावानेच लोक हबकतात. "सवय लागेल", "याने लवकर जाईल", "आता शेवटचं म्हणून देतात". आत्याला सुरू केलं तेव्हा माझ्या भावाने बाटली लपवून ठेवली होती, अक्षरशः तांदळाच्या डब्यात. डॉक्टरांनी त्याला बसवून सांगितलं: दुखण्यासाठी, ठरलेल्या मात्रेत, हळूहळू वाढवत दिलं तर याने माणूस लवकर जात नाही, आणि या पेशंटच्या बाबतीत व्यसनाची काळजी करायचं कारण नाही. पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येते, मळमळतं. मग सुरळीत होतं. आत्या चौथ्या दिवशी उठून बसली आणि म्हणाली, "रात्रभर झोपले गं." सात महिन्यांनी झोपली होती.

साध्या मॉर्फीनच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास राहतो, म्हणून ते घड्याळाप्रमाणे दिलं जातं. "दुखलं की देऊ" ही सगळ्यात मोठी चूक. दुखणं वर चढल्यावर ते खाली आणायला दुप्पट वेळ आणि दुप्पट त्रास. मध्येच दुखलं तर जादा डोस किती द्यायचा, हे डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

मॉर्फीनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून चालू झालं पाहिजे. ते लिहिलेलं नसेल तर विचारा. झोप आणि मळमळ कमी होते, बद्धकोष्ठ मात्र आपणहून जात नाही. इसबगोल यावर चालत नाही; पाणी कमी पिणाऱ्या माणसाला त्याने उलट तुंबतं.

अजून दोन गोष्टी. "हळूहळू सुटणाऱ्या" गोळ्या कधीही कुटून किंवा फोडून देऊ नका; बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो. आणि दुखण्यावरचा पॅच (कातडीला चिकटवायची औषधाची पट्टी) लावलेला असेल तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, त्यानेही औषध भसकन शिरतं. पॅच लावल्यावर परिणाम यायला बारा तास किंवा जास्त लागतात, तेवढा काळ काय द्यायचं ते आधी विचारून ठेवा.

जखमेचा वास येत असेल तर लाजून गप्प राहू नका. आत्याच्या छातीच्या जखमेला इतका वास येत होता की माझी मुलं दारातूनच "आजी, येतो" म्हणत. ती ते समजून घ्यायची, म्हणजे कळूनही न कळल्यासारखं करायची. सिस्टरने डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड ड्रेसिंगमध्ये वापरायला सुरुवात केली. चार दिवसांत वास गेला. पाचव्या दिवशी धाकटा तिच्या कॉटवर बसून पत्ते खेळत होता.

तपासा: गिळणं बंद झाल्यावर औषध कसं द्यायचं? जिभेखाली, गुदद्वारातून, की कातडीखाली बारीक सुई ठेवून? याचं उत्तर आणि ती औषधं घरात आधीच पाहिजेत. रात्री अकराला मेडिकलवाला ही औषधं देत नाही.

५. कागद आताच एका पाकिटात

एक मोठं पाकीट करा आणि घरातल्या तिघांना ते कुठे आहे ते दाखवा. त्यात: आधार कार्डाच्या दोन प्रती, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, अलीकडच्या व्हिजिटचे कागद (डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचे), इच्छापत्र, नेत्रदान किंवा देहदानाचा अर्ज भरलेला असेल तर तो.

नावाचं स्पेलिंग आणि मराठीतलं नाव एका कागदावर ठळक लिहून ठेवा. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव, सासरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव ही चार वेगवेगळी निघतात. मृत्यूचा दाखला ज्या नावाने निघेल त्याच नावाने पुढे बँक, पेन्शन, घर सगळं चालतं. दुरुस्तीला महिने लागतात.

पेसमेकर आहे का? असेल तर पाकिटावरच लाल पेनाने लिहा. दहनाआधी तो काढावाच लागतो. उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. कोण काढणार हे डॉक्टरांना आता विचारा. शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल तर त्याबद्दल हृदयरोगतज्ज्ञांशी आधीच बोला. ते बंद केलं नाही तर शेवटच्या तासांत ते झटके देत राहू शकतं.

मधल्या काळात माणूस पडलं असेल, हाड मोडलं असेल, तर दाखला देणाऱ्या डॉक्टरांपासून ते लपवू नका. अपघाताचा संबंध असेल तर साधा दाखला देता येत नाही. हे नंतर कळलं तर रात्री सगळं ठप्प होतं.

६. शेवटचे दोन-तीन दिवस कसे ओळखायचे

आम्ही सासऱ्यांच्या वेळी चुकलो ते इथे. जे घडत होतं ते नेहमीचं होतं, आणि आम्हाला ते संकट वाटलं.

दिवसाचा बराच वेळ झोप. खाणं नको, मग पाणीही नको. लघवी कमी आणि गडद. हातपाय गार, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर जांभळट जाळी. श्वास भराभर, मग मोठा खंड, पुन्हा भराभर. घशात घरघर. कधी गेलेली माणसं दिसणं. आत्या दोन दिवस माझ्या आजीशी बोलत होती, घाबरलेली अजिबात नव्हती. तिला "इथे कोणी नाही गं" म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका.

घरघरीचा त्रास ऐकणाऱ्याला होतो, त्या माणसाला बहुधा होत नाही. घशात साठलेली लाळ खोकून काढण्याइतकी शुद्ध राहिलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा, टीमला फोन करा. लाळ कमी करायचं औषध असतं. सक्शनची नळी खोलवर घालून काढत बसू नका.

सावध: "काही खात नाहीये, निदान सलाईन तरी लावा." हे वाक्य कोणीतरी म्हणणारच. शरीर बंद होत असताना आत गेलेलं पाणी अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढवतं. त्या माणसाला तहान अशी फारशी नसते, तोंड मात्र सुकतं. त्यावर उपाय तोंड ओलं ठेवण्याचा: दर एक-दोन तासांनी ओल्या कापसाने किंवा गॉजने ओठ, हिरड्या, जीभ पुसायची. ज्यांना काहीतरी करायचं असतं त्यांच्या हातात हे काम द्या. माझ्या काकूंनी दोन दिवस तेवढंच केलं आणि सलाईनचं नाव काढलं नाही.

गंगाजल आणि तुळशीचं पान: जरूर, पण चमचाभर पाणी तोंडात ओतायचं नाही. श्वासनलिकेत जातं आणि शेवटच्या क्षणी ठसका लागतो. बोट बुडवून ओठांना लावा, पान ओठांवर ठेवा.

एकदम तळमळ सुरू झाली, अंगावरचं ओढायला लागलं, तर आधी लघवी तुंबली आहे का आणि पोट साफ आहे का ते बघा. निम्म्या वेळा तेच निघतं, असं सिस्टर म्हणायची. नाहीतर टीमला फोन.

ऐकू शेवटपर्यंत येत असावं असं धरून चाला. खोलीत वारसाच्या आणि बिलाच्या गोष्टी नकोत. हरिपाठ, रेडिओ, नुसतं बोलणं, जे त्या माणसाचं असेल ते.

७. गेल्यानंतरचे सहा तास

घड्याळ बघा, वेळ वहीत लिहा. मग थांबा. दहा मिनिटं कोणालाही फोन केला नाही तरी काही बिघडत नाही.

भिंतीवरचा क्रम आमच्याकडे असा होता:
१. टीमची सिस्टर
२. दाखला देणारे डॉक्टर (खाली दुसऱ्या डॉक्टरांचं नाव)
३. नेत्रपेढी
४. भाऊ
५. मग बाकीचे

रुग्णवाहिकेचा नंबर त्यात मुद्दाम नव्हता. रुग्णवाहिका आली की त्यांना त्यांचं काम करावं लागतं, आणि कॅज्युअल्टीत "आणतानाच मृत" अशी नोंद झाली की पोलिसांना कळवणं आणि पोस्टमॉर्टेमचा प्रश्न येऊ शकतो. घरी अपेक्षित मृत्यू झाला असेल तर घरीच डॉक्टर बोलवा. अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र विनाशुल्क द्यायचं, असं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातच आहे. व्हिजिटची फी वेगळी. पण ज्या डॉक्टरांनी पेशंटला कधी पाहिलंच नाही ते सही करणार नाहीत, आणि बरोबरच आहे. म्हणून शेवटच्या महिन्यात फॅमिली डॉक्टरांना निदान एकदा घरी बोलावून ठेवा.

नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. टीम घरी येते, काम साधारण अर्ध्या तासाचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला तरी चालतं. देहदानाचं मात्र नक्की धरू नका. संसर्ग, मोठे व्रण किंवा पोलिसांचा संबंध असेल तर महाविद्यालय नाकारू शकतं. घरच्यांनी दहनाचाही विचार करून ठेवावा.

शरीर ताठरायला दोन-तीन तासांत सुरुवात होते, म्हणून आवरणं त्याआधी. कवळी लगेच बसवा, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी, हातपाय सरळ, नवा डायपर. कॅथेटर आणि सुया सिस्टरला काढू द्या. कोणी बाहेरगावहून येणार असेल तर बर्फाची पेटी भाड्याने मिळते. नंबर आधीच पाकिटात ठेवा.

तपासा: डॉक्टर जाण्याआधी प्रमाणपत्रावरचं नाव, वय, तारीख, वेळ आणि सही-शिक्का तिथेच वाचून घ्या. मध्यरात्रीनंतर मृत्यू झाला की तारीख हमखास चुकते.

८. पास आणि दाखला

पुण्यात आधी दहनाचा पास (परवानगीचा कागद) काढून मग स्मशानभूमीत जातात. मुंबईत डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन थेट स्मशानभूमीच्या नोंदणी कक्षात नोंद होते. गावात ग्रामपंचायत. घरातलं शांत डोक्याचं एक माणूस पाकीट घेऊन पाठवा, ज्यांना अग्नी द्यायचा आहे त्यांना नको.

नोंद २१ दिवसांच्या आत करायची. ३० दिवस उलटले की परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्या, आणि काउंटर सोडण्याआधी स्पेलिंग वाचा.

९. परत करणं, हिशेब, आणि आभार

उरलेलं मॉर्फीन घरात ठेवू नका, कोणाला "उपयोगी पडेल" म्हणून देऊ नका, मोरीत ओतू नका. मोजून, वहीत लिहून, टीमला परत. न उघडलेले डायपर, ड्रेसिंगचं सामान, गादीचा पंप त्यांना विचारून द्या. पंपाबरोबर त्याची नळी जाईल हे बघा. नळीशिवाय पंप कोणाच्या कामाचा नाही, आणि निम्मे लोक तसाच देतात.

ब्यूरोतून आलेल्या मावशींना लोक संध्याकाळी फोन करून सांगतात, "उद्यापासून येऊ नका." सहा महिने आत्याची आंघोळ घातलेली बाई. तिला आधी कळवा, अंत्यदर्शनाला बोलवा, आणि त्या दिवसाची पाळी भरली धरून पैसे त्याच आठवड्यात चुकते करा. तिचं पुढचं काम लगेच मिळेलच असं नसतं, म्हणून तिच्यासाठी चार घरी शब्द टाका. आमच्या मावशी तेराव्याला आल्या, स्वयंपाकघरात मदतीला उभ्या राहिल्या, आणि त्यांना जेवायला पाटावर बसवायला मला दोनदा ओरडावं लागलं.

संस्थेच्या सिस्टर, डॉक्टर, समाजसेविका यांना पाकीट किंवा साडी देऊ नका. बहुतेक ठिकाणी त्यांना ते घेता येत नाही. नाही म्हणताना त्यांची पंचाईत होते आणि तुम्हाला उगीच वाईट वाटतं. देणगी द्यायची तर संस्थेच्या नावाने, पावती घेऊन. खायला द्यायचं असेल तर एकीला नको, सगळ्या पाळीला पुरेल एवढं, आणि रात्रपाळीला. दिवसा येणारे पेढे दिवसातच संपतात. त्यांचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी विचारा.

सगळ्यात टिकतं ते पत्र. संस्थेच्या प्रमुखांच्या नावे, सिस्टरचं नाव घालून, आणि एक घडलेली गोष्ट लिहून. "आपण फार सेवा केलीत, आपले उपकार विसरणार नाही" हे पत्र फायलीत जातं. आम्ही साधारण असं लिहिलं होतं: "जखमेच्या वासामुळे आमची मुलं आत्यांच्या खोलीत जात नव्हती. आपल्या सिस्टरनी ड्रेसिंग बदललं आणि चार दिवसांत मुलं परत कॉटवर बसू लागली. त्या घरी आल्या की आधी खाली बसून आत्यांच्या तोंडाशी तोंड आणून बोलत, मग बॅग उघडत." पुढे कळलं की नव्या मुलींच्या ट्रेनिंगमध्ये ते पत्र वाचून दाखवलं गेलं.

तक्रार असेल तर तीही लिहा, वेगळ्या कागदावर. आमचा रात्रीचा एक फोन चाळीस मिनिटं कोणी उचलला नव्हता. ते आम्ही तारीख-वेळेसह लिहिलं आणि त्यांनी दुसरा नंबर सुरू केला.

महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडून एक फोन येतो, "घरात सगळे कसे आहेत?" म्हणून. लोक तो देणगीसाठी असेल असं समजून उचलत नाहीत. उचला. ज्याने सगळ्यात जास्त केलं आणि कार्याच्या दिवशी अजिबात रडलं नाही, त्याच्या हातात फोन द्या. आमच्याकडे तो भावाच्या हातात दिला, तांदळाच्या डब्यातल्या बाटलीवाल्या. तो गॅलरीत गेला आणि पाऊण तास आत आला नाही.